अपक्वाहार आणि दंतस्वच्छता

अपक्वाहार म्हणजे शिजवलेले, भाजलेले किंवा तळलेले अन्न वर्ज्य करून ताजी फळे, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, भिजवलेले दाणे, सुकामेवा आणि या सर्वांचे रस यांवर राहण्याची पद्धत. बहुतेक अनुयायी अन्न सुमारे ४० ते ४८ अंश सेल्सिअसपलीकडे तापू देत नाहीत. युरोपात झुरिकचे डॉक्टर माक्सिमिलियान बिर्चर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या आरोग्यधामात कच्च्या आहाराला उपचाराचे स्थान दिले. भारतात गांधीजींनी १९२९ मध्ये साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचे प्रयोग केले आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. महाराष्ट्रात या आहाराची ओळख आजही मुख्यतः निसर्गोपचाराच्या वाटेनेच होते.

हा आहार घेणाऱ्यांच्या दातांचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा असतो. साखर, मैदा, बिस्किटे, चिकट मिठाई बंद झालेली असल्यामुळे दात आपोआप सुरक्षित झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एक धोका कमी होतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. हा दुसरा धोका म्हणजे आम्लाने होणारी दातांची झीज. ती घासण्याच्या जोमाने टळत नाही, उलट चुकीच्या वेळी घासल्याने वाढू शकते. त्यामुळे दात किती घासले यापेक्षा कधी घासले आणि आंबट पदार्थ कसे खाल्ले, याला येथे अधिक महत्त्व आहे.

आम्लझीज

दाताचे बाहेरचे आवरण (एनॅमल) शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला तरी चावण्याच्या टोकांवरही त्याची जाडी जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर असते, आणि हिरडीकडे ती आणखी पातळ होत जाते. भोवतालच्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे ५.५ च्या खाली गेला की त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. आतला दंतिन (डेंटिन) याहून सौम्य आम्लातही, म्हणजे ६.२ ते ६.७ च्या आसपासच, विरघळायला लागतो. म्हणूनच हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडलेल्या माणसाचे नुकसान लवकर होते.

लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ असतो. संत्री, अननस, द्राक्षे व सफरचंद साधारण ३ ते ४ च्या पट्ट्यात येतात, टोमॅटो ४.३ च्या पुढे. काकडी ५.५ च्या आसपास तर गाजर ६ च्या जवळ. चिंच, आवळा, कोकम आणि कैरी लिंबाच्याच गोटात मोडतात. मात्र पीएचवरून सगळे कळत नाही. दही आंबट असूनही दात झिजवत नाही, कारण त्यात कॅल्शियम व फॉस्फेट इतके असते की दातातून बाहेर पडायला वावच उरत नाही. दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर यांत दातांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जे अपक्वाहारी दूध-दही पूर्ण सोडत नाहीत त्यांनी हा फरक जरूर वापरावा.

या विषयावरील सर्वांत उपयोगी पाहणी जर्मनीतील गीसेन विद्यापीठात झाली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. आहारातील किमान ९५ टक्के भाग कच्चा असलेले १३० जण आणि नेहमीचा आहार घेणारे ७६ जण यांचे दात तपासले गेले. अपक्वाहाऱ्यांपैकी ६०.५ टक्के लोकांच्या किमान एका दातावर तीव्र झीज होती; तुलनेच्या गटात हे प्रमाण ३१.६ टक्के होते. झिजेची एकही खूण नसलेले अपक्वाहारी फक्त २.३ टक्के भरले. हे लोक आठवड्याला सरासरी साडेनऊ किलो फळे खात होते आणि लिंबूवर्गीय फळे दिवसातून साधारण ४.८ वेळा त्यांच्या तोंडात जात होती. या आकड्यांतला शेवटचा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तोंडात आम्ल आले की लाळ ते सौम्य करत जाते, पण पूर्वस्थिती यायला वेळ लागतो. दिवसभर थोडे थोडे आंबट खाणाऱ्याच्या लाळेला तो वेळ मिळतच नाही.

पहाटेचे लिंबू-मधपाणी

निसर्गोपचाराच्या प्रभावाखालील घरांत सर्वाधिक हानी बहुधा याच पेल्यातून होते. झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते. उठल्या उठल्या तोंड कोरडे असते आणि त्या कोरड्या दातांवर कोमट लिंबूपाणी येते, तेही घोट घोट, वर्तमानपत्र वाचत. मधातील साखर जिवाणूंना खाद्य पुरवते. मग पाच मिनिटांत माणूस ब्रश घेऊन नरमलेला पृष्ठभाग खरवडतो.

हे पेय सोडायचे नसेल तर क्रम उलटा करावा. उठल्यावर आधी दात घासावेत, मग एक पेलाभर साधे पाणी प्यावे आणि त्यानंतर लिंबूपाणी. पेलाभर पाण्याला अर्ध्या लिंबाऐवजी एक छोटा चमचा रस पुरे. ते दोन-तीन मिनिटांत संपवावे, तोंडात घोळवू नये. नळीने पिताना नळीचे टोक पुढच्या दातांच्या मागे, जिभेवर ठेवावे. ओठांत धरलेल्या नळीने पुढच्या दातांचे रक्षण होत नाही. लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. आवळ्याचा रस, कोकमाचे पाणी आणि लिंबू पिळलेला पालेभाज्यांचा रस यांनाही हेच लागू आहे. गव्हांकुराचा रस स्वतः फारसा आंबट नसतो, पण चवीसाठी त्यात लिंबू घातले की गणित बदलते.

घासण्याची वेळ आणि रीत

आंबट खाल्ल्यावर किमान अर्धा ते एक तास ब्रश करू नये, हा सर्वसाधारण सल्ला आहे. नेमके किती थांबावे याबद्दल दंतवैद्यांत मतभेद आहेत, कारण नरमलेले आवरण तासाभरात पूर्ववत कठीण होतेच असे नाही. म्हणून फळे खाण्याआधी घासणे हा थांबण्यापेक्षा भरवशाचा उपाय ठरतो. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे पुरेशी आहेत. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. अनेक अपक्वाहारी रात्री फक्त फळांवर राहतात. त्यांनी ते जेवण झोपेच्या किमान दोन तास आधी उरकावे, म्हणजे मध्ये पुरेसा अवकाश ठेवून घासता येते.

ब्रश मऊ किंवा अतिमऊ केसांचा, लहान डोक्याचा घ्यावा. केस हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलकी, आखूड हालचाल करावी आणि मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवावा. आडवे घासल्याने दाताच्या गळ्याशी पाचरीसारखी खाच पडते. दाब १५० ते २०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ब्रश दाबून पाहिला तर आपण रोज किती जोर लावतो याचा अंदाज येतो, आणि बहुतेकांना तो चकित करणारा असतो.

पेस्टच्या निवडीत अपक्वाहारी सहसा दोन चुका करतात. पहिली चूक ‘नैसर्गिक’ म्हणून कोळसा, राखुंडी, मीठ किंवा खरखरीत दंतमंजन वापरण्याची. निरोगी आवरणावरही ही पूड घासणारीच असते. आम्लाने नरमलेल्या दातावर ती दुप्पट घातक ठरते. मशेरी तर तंबाखूच आहे, तिचा दंतस्वच्छतेशी काही संबंध नाही. दुसरी चूक फ्लोराइड पूर्णपणे टाळण्याची. फ्लोराइडमुळे दाताच्या पृष्ठभागावर बनणारे खनिज पीएच ४.५ पर्यंत तग धरते आणि किडीपासूनचे संरक्षण तर निर्विवाद आहे. लिंबाच्या तीव्रतेपुढे मात्र तेही तोकडे पडते, हे मान्य करायला हवे. झिजेविरुद्ध कथिलयुक्त (स्टॅनस) फ्लोराइडची पेस्ट साध्या फ्लोराइडपेक्षा सरस आढळली आहे. भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते, त्यामुळे तेथील लोकांची भीती समजण्याजोगी आहे. परंतु दातांवर डाग पाडणारा परिणाम दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत होतो. प्रौढाने पेस्ट वापरून थुंकून टाकली तर तो प्रश्न येत नाही. मुलांसाठी तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली. घासून झाल्यावर फेस थुंकावा. लगेच भरपूर चुळा भरल्यास फ्लोराइड वाहून जाते.

कडुलिंब, बाभूळ किंवा करंजाची काडी दातवण म्हणून वापरणाऱ्यांनी ती टोकाला चावून केसांसारखी पूर्ण मऊ करावी, रोज ताजी घ्यावी आणि वरून खाली फिरवावी. काडी दाढांच्या आतल्या बाजूला नीट पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते, म्हणून रात्री तरी ब्रश-पेस्ट असू द्यावी. तेलाच्या गुळण्यांनी तोंडाला बरे वाटते, पण त्यांनी दातांवरचा चिकट थर निघत नाही.

चघळण्याने दात स्वच्छ होत नाहीत

गाजर, सफरचंद, काकडी कचाकचा चावली की दात घासल्यासारखेच होतात, ही समजूत खोल रुजलेली आहे. चावण्याने लाळ वाढते, हे खरे. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर असलेला लाळेचा प्रवाह चावताना १ ते २ मिलिलिटरवर जातो. परंतु जिवाणूंचा थर जेथे साचतो ती जागा, म्हणजे हिरडीची कड आणि दोन दातांमधली फट, तेथे गाजर पोचतच नाही. डेन्मार्कमध्ये १९६५ मध्ये झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या लोकांनी घासणे थांबवले तेव्हा १० ते २१ दिवसांत हिरड्या सुजल्या. आहारात क जीवनसत्त्व भरपूर असले तरी या सुजेपासून सुटका नसते.

कच्च्या अन्नाचे तंतू आणि सालपटे अडकतात, ही तर स्वतंत्र कटकट आहे. मटकी-मुगाची साले हिरडीच्या कडेखाली सरकतात, आंब्याचा रेषा दाढांमध्ये पाचरीसारखा बसतो, मेथी-कोथिंबिरीची पाने आणि तीळ फटींत राहतात. टाचणी किंवा सुईने कोरल्याने हिरडीला जखम होते. फ्लॉसचा (फटी साफ करण्याच्या बारीक दोऱ्याचा) ४० ते ४५ सेंटिमीटर तुकडा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, करवतीसारखा हळू सरकवत फटीत उतरवावा, मग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा दाताला लपेटून हिरडीखालपर्यंत वर-खाली करावा. एकदम दाबून आत सोडला तर हिरडी कापते. मोठ्या फटींसाठी फ्लॉसऐवजी फटीत सहज जाईल असा बारीक ब्रश उत्तम. हे काम रात्री घासण्यापूर्वी एकदा पुरे.

गोड, चिकट आणि कठीण

साखर सोडलेल्या स्वयंपाकात तिची जागा खजूर, अंजीर, मनुका घेतात. खजूर-बदाम-अंजिराचे लाडू घरोघरी ‘हेल्दी’ म्हणून वळले जातात. दाताला मात्र ते चिकट साखरेचे गोळेच असतात. गोड खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच खाली येतो आणि सावरायला अर्धा-एक तास लागतो. लाडू दाढेच्या खळग्यात चिकटून राहिला तर आणखी. हे पदार्थ जेवणाबरोबरच खावेत, मधल्या वेळी चघळत बसू नये. ऊस चावण्यालाही हेच लागू. सुकामेवा आठ तास भिजवल्यास मऊ होतो आणि दाढांचे टवके उडण्याची भीती कमी होते. पालेभाज्या तीन पाण्यांतून धुतल्या नाहीत तर रेतीचे कण चावले जातात, तेही वर्षानुवर्षे दात घासतात.

आंबट फळे दिवसातून दोन बैठकांत आटोपावीत आणि शेवटी काकडी, गाजर किंवा भिजवलेले बदाम-तीळ खावेत. त्यानंतर पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरावी. आम्ल लगेच शमते. लंघनाच्या दिवसांत लाळ घटते, तोंडाला वास येतो, म्हणून पाणी व घासणे तेव्हाही चालू ठेवावे.

खुणा आणि तपासणी

पहिली खूण म्हणजे दात आंबणे: पूर्वी कैरी-चिंचेनेच आंबणारे दात आता थंड पाण्यानेही शिवशिवतात. पुढच्या दातांची चमक जाऊन ते रेशमी, गुळगुळीत दिसतात. नंतर कडा पारदर्शक होतात, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात, आतला पिवळसर दंतिन डोकावतो. जुने भरणे दाताच्या पातळीवरून वर आलेले दिसते, कारण दात झिजतो आणि सिमेंट तसेच राहते. शिवशिवण्यापलीकडे वेदना नसते, त्यामुळे माणूस वेळीच दंतवैद्याकडे जात नाही.

दंतवैद्याकडे पहिल्याच भेटीत आहाराची माहिती द्यावी. अन्यथा झीज दिसली तरी तिचे कारण रात्री दात खाण्यात किंवा पित्तात शोधले जाते. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देण्याची बीईडब्ल्यूई ही पद्धत २००८ पासून वापरात आहे. तिच्यात एकूण १८ पैकी गुण नोंदवून दर सहा महिन्यांनी तुलना करता येते. पुढच्या दातांचे छायाचित्र ठरावीक अंतराने काढून ठेवणेही उपयोगी पडते. जीभ लाल, गुळगुळीत होऊन झोंबत असेल किंवा तोंड वरचेवर येत असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करावी. प्राणिजन्य पदार्थ पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांत ही कमतरता वारंवार आढळते आणि ती पेस्ट बदलून सुटत नाही. गेलेले आवरण परत उगवत नाही. सुरुवातीच्या झिजेला फ्लोराइडचा लेप आणि आहारातील बदल पुरतात, खळगे खोल गेले की दाताच्या रंगाच्या मिश्रणाने ते भरावे लागतात. पण आंबट खाण्याची वेळ आणि रीत बदलली नाही तर भरण्याच्या कडेने दात पुन्हा झिजत जातो.