घरच्या घरी फळांचा आइस टी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फळांच्या आइस टीसाठी कोणती पत्ती घ्यावी, असं आमचे ग्राहक नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे आणि ते पुढे दिलंच आहे. पण घरचा आइस टी फसतो तो बहुतेक वेळा चहा आणि फळ एकाच पातेल्यात उकळल्यामुळे. चहाला कडक उष्णता लागते, तीही थोडाच वेळ. ताज्या रसाळ फळाला ती मुळीच मानवत नाही. उकळलं की त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो, मागे मुरंब्यासारखी शिजलेली चव उरते आणि फळातलं पेक्टिन (जॅम घट्ट करणारं द्रव्य) सुटून चहा चिकट, गढूळ होतो. म्हणून आमचा आग्रह एकच : चहा वेगळा करा, फळ वेगळं तयार करा आणि चहा गार झाल्यावरच दोन्ही एकत्र आणा.

चहा आधी

हा चहा कोराच असतो. फळातल्या आंबटपणाने दूध फाटतं, तेव्हा दुधाचा विचारच करू नका.

बारीक दाणेदार सीटीसी पत्ती रंग आणि कडकपणा झटकन देते, पण गार झाल्यावर तिचा तुरटपणा जास्त जाणवतो. लांब पानांची ऑर्थोडॉक्स पत्ती या कामासाठी आम्हाला जास्त पसंत आहे, कारण तिच्यात फळाच्या चवीला जागा राहते. घरात सीटीसीच असेल तर तीही चालेल. पत्ती थोडी कमी घ्या आणि एक मिनिट आधी गाळा.

काळ्या चहासाठी पाणी खळखळून उकळलेलं हवं. गॅस बंद करून पत्ती घाला आणि झाकण ठेवा. लांब पानांना ४ मिनिटं, दाणेदार पत्तीला ३ मिनिटं पुरतात. ग्रीन टी असेल तर पाणी ७५ ते ८० अंशांच्या आसपास असावं, म्हणजे उकळी आल्यावर काही मिनिटं थांबून घ्यावं, आणि पत्ती २ ते ३ मिनिटांत गाळावी. चहा कडक हवा म्हणून वेळ वाढवू नका, पत्ती वाढवा. वेळ वाढवली की कडवटपणा वाढतो, आणि तो साखरेने झाकला जात नाही. गाळताना पत्ती चमच्याने दाबू नका, टी बॅगही पिळू नका. शेवटच्या त्या थेंबांत तुरटपणाच जास्त असतो.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. उघड्या लोखंडाशी चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा संयोग होऊन चहा काळा पडतो आणि त्याला धातूची चव येते.

आता बर्फाचा हिशेब. सुमारे ९० अंशांचा गरम चहा ५ अंशांपर्यंत उतरवायचा तर जवळजवळ त्याच्या वजनाइतकाच बर्फ वितळतो. म्हणजे अर्धा लिटर चहा बर्फावर ओतलात की हातात एक लिटर येतं. नेहमीच्या कडकपणाचा चहा बर्फावर ओतला तर तो पाणचट लागणारच. त्यासाठी सुरुवातीलाच अर्ध्या पाण्यात पूर्ण पत्ती घाला : १ लिटर तयार आइस टीसाठी ५०० मिली पाणी आणि १० ते १२ ग्रॅम लांब पानांची पत्ती, म्हणजे साधारण ५ ते ६ छोटे चमचे. दाणेदार पत्ती ८ ग्रॅम पुरे.

चहा गढूळ का होतो

ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते आणि बिचाऱ्या पत्तीवर आळ येतो. खरं कारण असं : काळ्या चहाला रंग आणि तुरटपणा देणारी थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्यं गरम पाण्यात विरघळलेली असतात. चहा गार झाला की ती कॅफीनशी जोडली जातात, त्यांचे बारीक कण तयार होतात आणि दुधाळ झाक येते. चहा जितका दाट आणि जितका थंड, तितकी ही झाक जास्त. चहा बिघडलेला नसतो, तो निःशंक प्यावा. तरीही काचेच्या ग्लासात पारदर्शक चहा दिसावा अशी इच्छा असते, आणि ती रास्त आहे. मग दाट चहा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. आधी त्यात बर्फाऐवजी उरलेलं अर्धं साधं पाणी मिसळून तो सौम्य करा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग फ्रीजमध्ये ठेवा. गढूळ झालाच तर थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, बरीचशी झाक निघून जाते. पाणी जड असेल, किटलीत पांढरा थर धरत असेल, तर गढूळपणा आणि वर तरंगणारा सायीसारखा तवंग दोन्ही वाढतात. अशा घरांत गाळून शुद्ध केलेलं पाणी वापरल्याचा फरक पहिल्याच घोटाला कळतो.

लिंबू पिळल्यावर चहाचा रंग एकदम फिका होतो, त्याने घाबरू नका. आंबटपणाने रंगद्रव्याची छटा बदलते, चहा पातळ झालेला नसतो.

फळाचा रस काढायची थंड रीत

स्ट्रॉबेरी, पीच, चेरी, प्लम अशा मऊ फळांसाठी ही रीत आम्हाला सर्वांत विश्वासाची वाटते. २५० ग्रॅम पिकलेल्या फळाच्या लहान फोडी करा, त्यांवर ८० ते १०० ग्रॅम साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घाला, हलकेच कालवा आणि झाकून २ तास फ्रीजमध्ये ठेवा. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि त्याबरोबर वासही येतो. खाली रंगदार पाक जमतो. न कुस्करता गाळा. कुस्करलंत तर गर उतरतो आणि चहा पुन्हा गढूळ. लिंबामुळे पीचच्या फोडी काळ्या पडत नाहीत. उरलेल्या फोडी ग्लासात घालायला वापरा.

गोठवलेलं फळ इथे ताज्याइतकंच, कधी कधी जास्त कामाचं. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळताना रस आपोआप सुटतो.

बाकी फळांना प्रत्येकाची रीत वेगळी. संत्रं आणि लिंबू यांचा खरा सुगंध सालीच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. तो थर पातळ सोलून गरम चहात २ मिनिटं ठेवा आणि काढून टाका. पांढरा भाग आला तर कडवटपणा आलाच. रस मात्र चहा गार झाल्यावर घाला. अननस आणि लिची यांचा गाळलेला रस थेट मिसळला की झालं. आंब्याचा गर जपून वापरावा : एका लिटरला ३ ते ४ मोठे चमचे, तेही बारीक गाळणीतून काढून. त्याहून जास्त घातला तर चहा उरतच नाही, आंब्याचं पेय होतं. गर तळाशी बसतो, म्हणून ओतण्याआधी ढवळा. डाळिंब स्वतःच तुरट असतं, त्याच्यासोबतचा चहा एक मिनिट कमी मुरवा.

उष्णता नको या नियमाला अपवाद दोन. सुकवलेली फळं आणि सफरचंद. सुकी फळं थंड पाण्यात हवा तसा अर्क देत नाहीत, ती पत्तीसोबतच उकळत्या पाण्यात भिजू द्या, आणि पत्ती गाळल्यावरही आणखी १० मिनिटं राहू द्या. सफरचंदाच्या कच्च्या फोडी चहाला फारसं काही देत नाहीत. एक तर त्याचा रस घाला, किंवा फोडी थोड्या पाण्यात मंद शिजवून ते पाणी गाळून घ्या. केळं आणि पपई वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन्ही दाट, दोन्हींत आंबटपणा नाही, चहाशी त्यांचं जमत नाही.

गोडी

थंड पदार्थात जिभेला गोड कमी जाणवतं. म्हणून गरम चहा चाखून साखर ठरवली तर गार झाल्यावर तो फिका लागतो. शेवटची चव बर्फ घालूनच घ्या. त्या वेळी कोरडी साखर घातली तर ती तळाशी बसून राहते. म्हणून समान मापाची साखर आणि पाणी गरम करून साधा पाक बरणीत तयार ठेवा. फळाचा पाक आधीच गोड असल्याने हा पाक चमच्याचमच्यानेच वाढवा. फिकेपणा वाटला तर साखरेआधी अर्ध्या लिंबाचा रस घालून पाहा. पुष्कळदा कमी असतो तो आंबटपणाच.

घाई नसेल तेव्हा

रात्री १ लिटर थंड, पिण्याच्या पाण्यात १० ग्रॅम पत्ती घालून बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि ८ तासांनी गाळा. थंड पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी उतरतात, त्यामुळे हा चहा मऊ लागतो आणि बहुधा गढूळही होत नाही. स्ट्रॉबेरी, पीच आणि ग्रीन टी यांसाठी आम्ही हाच सुचवू. यात पाणी आधीच पूर्ण मापाचं असतं, म्हणून बर्फ मोजकाच घाला, किंवा थोडा चहाच बर्फाच्या साच्यात गोठवून ते खडे वापरा.

बरणी उन्हात ठेवून चहा मुरवण्याची पद्धत मात्र टाळा. उन्हात पाणी कोमट होतं, पण पत्तीवरचे जंतू मरण्याइतकं तापत नाही, आणि ते वाढायला तेच तापमान सोयीचं असतं.

साठवण आणि काळजी

फळ घातलेला चहा फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि एका दिवसात संपवा. फळ न घातलेला कोरा चहा दोन दिवस चांगला राहतो. चहाला तार सुटली, फेस आला किंवा आंबूस वास आला तर तो टाकून द्या. ग्लासात घातलेल्या फोडी दुसऱ्यांदा वापरू नका.

लहान मुलांसाठी किंवा रात्री पिण्यासाठी करायचा असेल तर पत्तीऐवजी जास्वंदाच्या सुक्या पाकळ्या किंवा रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची चहासारखी वापरतात ती पानं) घ्या. दोन्हींत कॅफीन नसतं. शरीरात लोह कमी असेल तर चहा जेवणासोबत घेऊ नका, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. आणि ग्रेपफ्रूट घालण्याआधी घरात कोणाची कोणती औषधं चालू आहेत ते पाहा. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम या फळामुळे वाढतो, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

करून पाहिल्यावर चव जमली नाही तर आम्हाला जरूर सांगा. सांगताना पत्ती कोणती आणि किती, पाणी किती, किती मिनिटं मुरवला आणि फळ कधी घातलं, एवढं कळवलंत तर कुठे बदल करायचा ते लगेच सांगता येईल.