होलसेल औषध परवाना : नमुना २०बी आणि २१बी काढताना

शंभर चौरस फुटांचा गाळा घ्यायचा, डिपॉझिट भरायचं, रॅक ठोकून घ्यायचे आणि मग परवान्याची चौकशी करायला निघायचं, हा क्रम आपल्याकडे फार जणांचा असतो. नियमाला जागा लागते दहा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १०८ चौरस फूट. शंभर फुटांचा गाळा भरतो ९.२९ चौरस मीटर. आठ फुटांसाठी अर्ज अडतो आणि गाळेमालक डिपॉझिट परत द्यायला तयार नसतो. म्हणून ही माहिती उलट्या बाजूने वाचा: आधी जागा आणि माणूस, मग कागद, आणि फी सगळ्यात शेवटी.

कायदा केंद्राचा आहे: औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम. विक्रीचा परवाना मात्र राज्य देतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं. आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयातले सहायक आयुक्त (औषधे) परवाना देतात आणि जागा बघायला औषध निरीक्षक येतात. दिल्लीच्या औषध महानियंत्रकांकडे होलसेलच्या परवान्यासाठी काहीच पाठवावं लागत नाही. गोव्यात नियम हेच, फक्त कार्यालय त्या राज्याचं.

परवाना कोणाला लागतो? विकण्यासाठी औषध जवळ ठेवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा वाटणाऱ्या प्रत्येकाला. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरचा स्टॉकिस्ट, भिवंडीच्या गोदामातला कंपनीचा सी अँड एफ एजंट (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा), तालुक्याच्या गावातून चार मेडिकलना माल पुरवणारा, सगळे यात आले. 'मी फक्त माल पुढे पाठवतो, विकत नाही' हा बचाव चालत नाही. जनावरांची औषधंही याच परवान्यात येतात, हे कृषी सेवा केंद्रवाल्यांना बरेचदा उशिरा कळतं. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीला असा परवाना लागत नाही. होमिओपॅथीच्या होलसेलला नमुना २०डी वेगळा आहे. प्रोटीन पावडर आणि फूड सप्लिमेंटचा मार्ग अन्न परवान्याचा.

विनापरवाना धंदा केला तर कलम २७ प्रमाणे तीन ते पाच वर्षं कैद, शिवाय किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जो आकडा मोठा असेल तेवढा दंड. 'अर्ज केलाय, परवाना येईलच' म्हणून आधीच माल उतरवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता नमुन्यांचा गुंता. नियमांना औषधांच्या याद्या जोडलेल्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. अनुसूची सी, सी(१) आणि एक्स सोडून बाकीच्या औषधांच्या होलसेलसाठी २०बी. सी आणि सी(१) मधल्या औषधांसाठी २१बी. लसी, सिरम, इन्सुलिन ही यातली. व्यवहारात दोन्ही एकदमच काढतात, कारण एका परवान्यावर धड धंदा होत नाही. अनुसूची एक्समधली मोजकी, कडक नियंत्रणाखालची औषधं ठेवायची असतील तर २०जी वेगळा घ्यावा लागतो. नव्या माणसाने त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये, असं माझं मत. त्यातून मिळणारा धंदा थोडा आणि हिशेब ठेवायची जबाबदारी मोठी. गाडीतूनच माल विकत फिरायचं असेल तर २०बीबी आणि २१बीबी असे नमुने आहेत.

जागेबद्दल आणखी थोडं. दहा चौरस मीटर हे फक्त होलसेलसाठी. त्याच गाळ्यात रिटेलही करायचं तर पंधरा लागतात. मोजणी आतल्या चटईक्षेत्राची होते, भाडेकरारात लिहिलेल्या बिल्टअपची नाही. पोटमाळा यात धरू नका. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी निरीक्षक टेप लावतात आणि टेपचाच आकडा खरा. जागा घेण्याआधी स्वतः टेप लावायला अर्धा तास पुरतो. ओल लागू नये म्हणून रॅक भिंतीपासून जरा सुटे ठेवा आणि खोके थेट फरशीवर नकोत. २१बी मागत असाल तर फ्रिज दिसला पाहिजे, चालू स्थितीत, आत थर्मामीटरसह आणि त्याच्या खरेदीच्या बिलासह. दोन ते आठ अंशांत ठेवायचा माल खोलीच्या तापमानाला एक दुपार जरी राहिला तरी बिघडू शकतो, आणि बिघडलेलं इन्सुलिन डोळ्यांना ओळखू येईलच असं नाही. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरची सोय आधीच करा. निरीक्षक तो प्रश्न विचारतातच, आणि योग्यच विचारतात.

गोदाम वेगळं असेल तर त्याला वेगळा परवाना लागतो. दुकान एका पेठेत, साठा दुसरीकडच्या घरात, आणि परवाना फक्त दुकानाचा, ही रचना विनापरवाना साठाच ठरते. घर आपलंच आहे, यानं काही फरक पडत नाही.

दुसरी अट माणसाची. रिटेलला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच, होलसेलला तसं बंधन नाही, आणि खरं तर याच कारणाने पुष्कळजण होलसेलकडे वळतात. होलसेलसाठी 'सक्षम व्यक्ती' लागते. ती नोंदणीकृत फार्मासिस्ट असू शकते, किंवा कुठल्याही शाखेची पदवी आणि औषध व्यवसायाचा एक वर्षाचा अनुभव असलेली, किंवा दहावी पास आणि चार वर्षांचा अनुभव असलेली. मालक स्वतःच या अटीत बसत असेल तर पगारी माणूस शोधायची गरज नाही.

अर्ज सगळ्यात जास्त घसरतात ते या अनुभवावर. प्रमाणपत्र परवानाधारक दुकानाचंच हवं. त्यावर त्या दुकानाचा परवाना क्रमांक, काम केल्याच्या तारखा आणि कामाचं स्वरूप हवं. मामाच्या मेडिकलमध्ये 'चार वर्षं काम केलं' असं लेटरहेडवर लिहून आणलेला मुलगा त्याच चार वर्षांत दुसऱ्या गावी कॉलेजला नियमित हजर होता, हे त्याच्याच गुणपत्रिकेवरून उघड होतं. पगाराच्या नोंदी, बँक खात्यातला पगार, निदान हजेरीपट असेल तर जोडा. विकत मिळणारी प्रमाणपत्रं घेऊ नका. परवाना मिळून गेल्यानंतरही ती उघडकीला येतात आणि मग प्रश्न फक्त परवान्याचा राहत नाही. एकच सक्षम व्यक्ती दोन फर्मच्या कागदांवर पूर्णवेळ दाखवण्याचा प्रकारही असाच अंगाशी येतो.

कागदांची यादी प्रत्येक कार्यालयात थोडी इकडेतिकडे होते, पण गाभा ठरलेला आहे. अर्ज नमुना १९ मध्ये. जागेसाठी मालकी असेल तर खरेदीखत किंवा इंडेक्स टू, भाड्याची असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र, सोबत मालमत्ता कराची पावती. मापं लिहिलेला, सहीशिक्क्याचा नकाशा, ज्यात चतुःसीमा आणि दार कुठे उघडतं ते दिसेल. फर्मसाठी एकल मालकी असेल तर पॅन, आधार आणि गुमास्ता. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र. कंपनी असेल तर मेमोरँडम, आर्टिकल्स, संचालकांची यादी आणि कोणाला सहीचा अधिकार दिला त्याचा ठराव. सक्षम व्यक्तीची दहावीची किंवा पदवीची प्रमाणपत्रं, अनुभवाचा दाखला, नियुक्तिपत्र, तिने स्वीकारल्याचं पत्र, फोटो आणि प्रतिज्ञापत्र. फार्मासिस्ट असेल तर महाराष्ट्र राज्य औषधी परिषदेचं चालू नोंदणी प्रमाणपत्र. 'चालू' या शब्दाकडे लक्ष द्या, नूतनीकरण राहून गेलेली प्रमाणपत्रं बरीच असतात. आणि सगळीकडे नाव एकसारखं हवं. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, गुमास्त्यावर फर्मचं नाव 'मेडिकल एजन्सीज' आणि करारात 'मेडिकल एजन्सी', एवढ्यावरूनही त्रुटीचं पत्र येतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, फी ऑनलाइन चलनाने. प्रत्येक नमुन्याची फी दीड हजार, म्हणजे २०बी आणि २१बी मिळून तीन हजार रुपये. एवढीच. बाकीचे 'खर्च' कोणी सांगत असेल तर पावती मागा.

त्यानंतर तपासणी. त्या दिवशी सक्षम व्यक्ती गाळ्यात हजर असली पाहिजे आणि मूळ कागद समोर हवेत. निरीक्षक जागा मोजतात, फ्रिज बघतात, आणि त्या व्यक्तीला दोन-चार प्रश्न विचारतात: बॅच नंबर कुठे असतो, मुदत संपलेला माल कुठे ठेवणार, परवाना नसलेल्या माणसाने माल मागितला तर काय सांगणार. गोंधळलेली उत्तरं आली की अनुभवाच्या दाखल्याकडे पुन्हा नजर जाते. अर्ज फेटाळला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती विचारली फार जाते. केमिस्ट संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र परवान्यासाठी लागत नाही. कायद्यात ते कुठेच नाही. नवा स्टॉकिस्ट नेमायला कंपन्यांनी संघटनेची एनओसी घेतलीच पाहिजे, हा दंडक स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये स्पर्धाविरोधी ठरवला. संघटनेचं सभासद व्हायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

परवाना हाती आला की दर्शनी भागात लावा, आणि तपासणीची वही, म्हणजे नमुना ३५, ठेवा. पूर्वी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज असायचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवाना रद्द किंवा निलंबित होईपर्यंत चालू राहतो, पण दर पाच वर्षं पुरी होण्याआधी रिटेन्शन फी (परवाना चालू ठेवण्याची फी) भरावी लागते, आणि ती मूळ फीइतकीच असते. उशीर झाला तर दरमहा दोन टक्के जादा. तीन हजारांवर महिन्याला साठ रुपये, सहा महिन्यांचे ३६०. रक्कम किरकोळ वाटते म्हणूनच लोक विसरतात. सहा महिने उलटले की परवाना आपोआप रद्द समजला जातो आणि नव्याने सगळं सुरू, तोवर दुकानातला माल विनापरवाना. परवान्याच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये टाका, सीएवर सोडू नका.

खरी कसोटी मात्र बिलाची. होलसेलर माल फक्त परवानाधारकाला विकू शकतो, किंवा रुग्णालयाला, शासकीय अथवा संशोधन संस्थेला आणि रुग्णांना देण्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरला. बिलावर तारीख, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, त्याचा परवाना क्रमांक, औषधाचं नाव, संख्या, बॅच नंबर आणि उत्पादकाचं नाव हवं. खरेदी आणि विक्री दोन्हींच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. ग्राहकाच्या परवान्याची झेरॉक्स फाइलला लावताना त्याची पाच वर्षं कधी पुरी होतात तेही लिहून ठेवा.

एवढा कागदी खटाटोप कशासाठी? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. ते ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचं होतं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं, आणि पुरवठ्याच्या साखळीत ते औषध म्हणून रुग्णालयापर्यंत पोचलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ही सगळी साखळी तपासली. बिलावरचा बॅच नंबर असतो तो अशी साखळी मागे उलगडता यावी म्हणून.

तुमच्या स्वतःच्या बचावासाठीही तोच कागद कामी येतो. तुमच्याकडून तपासणीसाठी घेतलेलं औषध अप्रमाणित निघालं, तर कलम १९(३) तुम्हाला वाचवू शकतं. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माल परवानाधारकाकडूनच घेतला, दोष तुम्हाला माहीत नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता, आणि तुमच्या ताब्यात तो नीट, जसाच्या तसा ठेवला. पहिली गोष्ट बिलाने सिद्ध होते, तिसरी फ्रिजच्या तापमानाच्या वहीने. स्वस्तात, बिलाशिवाय आलेल्या खोक्याला हे कवच मिळत नाही. सी अँड एफवाल्यांनी यातली एक बारीक मेख ध्यानात घ्यावी: उत्पादकाचा वितरण एजंट असेल तर हे कलम त्याला लागू नाही. कंपनीशी करार करताना वकिलाला हे आठवणीने विचारा.

मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, वर ठळक 'विक्रीसाठी नाही' लिहून ठेवायचा, कंपनीकडे परत जाईपर्यंत. डॉक्टरांसाठीची सँपल्स विकता येत नाहीत. जनावरांची औषधं माणसांच्या औषधांच्या रॅकवर नकोत.

शेवटी भागीदारीवाल्यांसाठी. एक भागीदार निघाला, मुलगा आत आला, मालकीची भागीदारी झाली किंवा भागीदारीची कंपनी, तर फर्मची रचना बदलली असं धरलं जातं. ते कार्यालयाला लेखी कळवायचं, आणि जुना परवाना त्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिनेच चालतो, तेवढ्यात नव्या नावाने परवाना घ्यायचा. वडील गेल्यावर घरच्यांना आधी बँक आठवते, मग जीएसटी. परवान्याचे तीन महिने तोवर निम्मे सरलेले असतात.