नेरळला येण्यापूर्वी : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

मुंबईहून माथेरानला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना नेरळ दिसते ते लोकलमधून उतरून टॅक्सीपर्यंत चालत जाताना, तेवढ्या पाच मिनिटांत. माथेरानच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंचीवर वसलेल्या या गावासाठी आपण पूर्ण दिवस काढावा, अशी आमची इच्छा आहे, आणि त्यासाठीच आम्ही लहान गटांना गाव, वाड्या आणि पायथ्याच्या वाटा पायी हिंडवतो, दुपारचे जेवण देतो आणि ज्यांना मुक्काम करायचा असेल त्यांची राहण्याची सोय करतो. नोंदणी केलेल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी हे पत्रक शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती, कारण यातील काही गोष्टी ऐनवेळी कळून उपयोग होत नाही.

कसे यावे

नेरळ हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात असले तरी मुंबईच्या लोकलवरचे स्थानक आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे 86 किलोमीटरवर असून जलद लोकलने साधारण दोन तास लागतात. गाडी कर्जतची किंवा खोपोलीची असावी. कल्याणला मार्ग दोन दिशांना फुटतो आणि कसाऱ्याची लोकल आपल्याला भलत्याच डोंगराकडे घेऊन जाते, ही चूक पहाटेच्या झोपेत सहज होते, म्हणून गाडीत चढण्यापूर्वी फलक पाहावा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडावी. मधले एकच स्थानक, भिवपुरी रोड, सोडले की नेरळ येते. रविवारी येत असाल तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या संध्याकाळी अवश्य पाहावे. आम्ही सकाळी साडेसातला स्थानकाबाहेर, डोंगराच्या बाजूला भेटतो. उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटे थांबतो. त्याहून अधिक थांबल्यास उरलेल्या गटाला चढण उन्हात चढावी लागते.

गाव आणि त्याची रेल्वे

आमची फेरी स्थानकापासूनच सुरू होते, आणि तेथे अर्धा-पाऊण तास जातो. काही पाहुण्यांना तो वेळ जास्त वाटतो. परंतु नेरळ समजून घ्यायचे असेल तर सुरुवात येथूनच करावी लागते, असे आमचे ठाम मत आहे. कल्याणच्या पुढे रेल्वे या बाजूला आली ती 1856 मध्ये. त्याच्या सहाच वर्षे आधी, मे 1850 मध्ये, ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढून गेला होता आणि त्यानंतर इंग्रजांना थंड हवेसाठी तो माथा हवाहवासा झाला. (माथेरान मॅलेटने शोधले असे सर्रास लिहिले जाते. येथील ठाकर, कातकरी आणि धनगर त्या रानात त्याच्या कितीतरी आधीपासून वावरत होते, हे आम्ही प्रत्येक गटाला आवर्जून सांगतो.) पुढची पन्नास वर्षे मुंबईचा प्रवासी नेरळला आगगाडीतून उतरे आणि घोड्यावर, पालखीत किंवा पायी वर जाई. सामान वाहणारे, घोडेवाले, दाणागोटा पुरवणारे आणि रात्रीपुरता आसरा देणारे यांची वस्ती त्यामुळे येथे वाढत गेली.

मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून, डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे बांधली. हे काम पूर्ण होऊन मार्च 1907 मध्ये पहिली गाडी वर गेली. रुळांमधील अंतर फक्त दोन फूट आहे. घाटरस्ता सात-आठ किलोमीटरमध्ये जी उंची गाठतो, तीच गाठायला ही रेल्वे सुमारे एकवीस किलोमीटर घेते, आणि त्याचे कारण चढात आहे : रुळावरचे गुळगुळीत लोखंडी चाक मोटारीच्या टायरसारखी पकड घेऊ शकत नाही, त्यामुळे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याहून तीव्र चढ या मार्गावर कोठेही ठेवलेला नाही. मार्ग डोंगराला वळसे घालत, जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्थानके घेत जातो. इतक्या तीव्र वळणांवर साधे इंजिन अडकले असते, म्हणून बाजूला सरकू शकणारे आस असलेली वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यातून आणली गेली. त्यांचा आराखडा करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच आपल्याकडची बार्शी लाईट रेल्वे उभारली होती, हे सोलापूरकडच्या पाहुण्यांना सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो.

26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाळ्यात तो परत खचला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये गाडी पुन्हा नेरळहून सुटली. पावसाळ्याचे चार महिने नेरळ ते अमन लॉज ही सेवा दरवर्षी बंदच असते. या गाडीची तिकिटे आमच्या शुल्कात धरलेली नाहीत आणि त्यांची खात्रीही आम्ही देत नाही, कारण डबे थोडे आणि प्रवासी फार, अशी येथील स्थिती आहे. आमच्या फेरीनंतर माथेरानला जायचे असेल तर सामायिक टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. त्यापुढे खासगी वाहनांना मनाई असून तेथे प्रवासी कर भरावा लागतो आणि पुढचे अंतर पायी किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलने कापता येते.

पायथ्याच्या वाटा

गाव ओलांडले की भातखाचरे लागतात आणि त्यांच्या वर ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वाडीतून जाताना आमचा सोबती पुढे असतो. कोणाच्या अंगणात शिरण्यापूर्वी किंवा छायाचित्र घेण्यापूर्वी घरातील माणसांना विचारावे, आणि मुलांना चॉकलेट अथवा पैसे वाटू नयेत. ही अट आम्ही कोणासाठीही शिथिल करत नाही. करवंदे, जांभळे किंवा रानभाजी विकत घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, मात्र घासाघीस करू नये, कारण त्या पाटीमागे पहाटेपासूनची पायपीट असते.

जेवणात त्या त्या ऋतूत जे मिळते तेच असते. पहिल्या पावसाच्या आगेमागे आलात तर शेवळाची, म्हणजे रानात उगवणाऱ्या एका कंदाच्या कोंबांची, भाजी मिळेल. शेवळे नीट न शिजवल्यास घसा खाजवतात, म्हणून त्यांत काकड या रानझाडाची आंबट फळे घालावी लागतात, आणि आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी काकडे मिळाली नाहीत तर ती भाजी करतच नाहीत. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी आणि कंटोळी येतात. भाकरी तांदळाची असते. हा तालुका भाताचा आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती कोकणभर लावल्या जातात, आणि चिखलणी-लावणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याची सगुणा पद्धत नेरळातच आकाराला आली.

ज्यांना चढाई करायची आहे त्यांच्यासाठी पेबचा किल्ला, म्हणजेच विकटगड, हा दिवसभराचा वेगळा कार्यक्रम आहे. वाट रानातून आणि शेवटी खडकातून जाते, काही ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत आणि वर कातळातल्या गुहा आहेत. पुष्कळ लोक परतताना छोट्या रेल्वेच्या रुळांवरून चालत माथेरानकडे जातात. आम्ही तसे नेत नाही. गेलो त्याच वाटेने नेरळला उतरतो. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास नोंदणी करतानाच कळवावे, म्हणजे आपल्याला झेपेल अशी सपाटीची फेरी आखता येईल.

मुक्कामी पाहुण्यांना संध्याकाळी आम्ही हुतात्मा भाई कोतवाल यांच्याविषयी सांगतो. माथेरानला 1912 मध्ये जन्मलेल्या या वकिलाने 1942 च्या लढ्यात याच परिसरातील तरुणांचा आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील धारातीर्थी पडले. ज्या डोंगराकडे आपण दिवसभर केवळ सहलीचे ठिकाण म्हणून पाहिले, तो लपण्याचा आणि लढण्याचा मुलूखही होता, हे पाहुण्यांनी नेरळ सोडण्यापूर्वी ऐकावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

पावसाळ्यातील नियम

जून ते सप्टेंबर या काळात नेरळ सर्वांत सुंदर दिसते आणि याच काळात येथे सर्वाधिक अपघात होतात. डोंगर उभा आणि खडक काळा, टणक असल्याने पाणी मुरत नाही. वर माथ्यावर सर पडली की खाली कोरडे असतानाही ओढा थोड्याच वेळात फुगतो. आमच्या एका गटाला गुडघाभर पाण्यातून पार केलेला ओढा परतताना कमरेच्या वर गेलेला दिसला आणि पाणी उतरेपर्यंत दोन तास पलीकडेच बसून राहावे लागले. त्या दिवसापासून पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागेल अशी एकही वाट आम्ही घेत नाही, आणि कोणालाही धबधब्याखाली उभे राहू देत नाही, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. धबधब्यांवर प्रशासनाचा बंदी आदेश लागू असल्यास त्या बाजूला जातच नाही. अशा दिवशी भातखाचरांची आणि गावाची फेरी होते आणि शुल्क तेवढेच राहते.

अतिवृष्टीचा लाल इशारा असेल किंवा कल्याणपुढची लोकल बंद असेल तर फेरी आम्ही स्वतःहून रद्द करतो आणि पूर्ण रक्कम परत देतो. आपल्या बाजूने रद्द करायचे असल्यास दोन दिवस आधी कळवावे. त्यानंतर जेवणाचा खर्च वजा केला जातो, कारण तांदूळ आणि भाजी तोवर वाडीतून घेतलेली असते. येताना घट्ट पकडीचे बूट, दोन लिटर पाणी, टोपी आणि पावसाळ्यात एक कोरडा कपड्यांचा जोड आणावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणू नयेत. जो कचरा होईल तो प्रत्येकाने आपल्या पाठपिशवीतून स्थानकापर्यंत परत न्यायचा आहे. त्यासाठी कापडी पिशवी सकाळी आम्ही देतो.