युरोपियन युनियन आणि कौन्सिल ऑफ युरोप: तरुणांना खुर्ची कुठे, नुसता माइक कुठे

‘युरोपियन युनियनच्या कोर्टाने हवामानाच्या खटल्यात स्वित्झर्लंडला दोषी ठरवलं.’ स्वित्झर्लंडमधल्या आजीबाईंच्या एका संघटनेने आपल्याच सरकारविरुद्ध जिंकलेल्या खटल्याच्या, ९ एप्रिल २०२४ च्या निकालाबद्दल हे वाक्य अजूनही बिनदिक्कत फिरतंय. अहो, स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीच! निकाल दिला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने, आणि ते आहे कौन्सिल ऑफ युरोपचं.

युनियन तुम्हाला माहीत आहे: २७ देश, ब्रसेल्स, युरो. कौन्सिल ऑफ युरोप तिच्याहून जुनी, १९४९ ची. तिच्यात ४६ देश आहेत. तुर्की, ब्रिटन, नॉर्वेसुद्धा आहेत. रशियाला २०२२ मध्ये काढलं. काम मानवी हक्कांचं आणि लोकशाहीचं. निळ्यावर बारा चांदण्यांचा झेंडा मुळात कौन्सिलचा. युनियनने तो नंतर उचलला. युनियनच्या संसदेची मुख्य अधिवेशनंही स्ट्रासबर्गलाच भरतात. त्यात ‘युरोपियन कौन्सिल’ म्हणून युनियनमधल्या देशांच्या राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांची बैठक असते, ती तिसरीच. इथवरचा घोळ समजण्यासारखा आहे.

खरी पंचाईत होते ती ‘युरोपात हवामान धोरण ठरवताना तरुणांना सोबत घेतात’ असं कौतुकाने लिहिलं जातं तेव्हा. कोण घेतं, आणि सोबत म्हणजे किती?

कौन्सिल ऑफ युरोपमध्ये तरुणांना खरीखुरी खुर्ची आहे. तिथल्या युवा विभागाचा कार्यक्रम आणि त्याचे पैसे कशावर खर्च करायचे हे सरकारी अधिकारी एकटे ठरवत नाहीत. युवा संघटनांचे ३० प्रतिनिधी त्यांच्यासोबत एकाच समितीत बसतात आणि निर्णय दोघे मिळून घेतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे असंच चाललंय. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण त्या टेबलावर कोळसा नाही, गॅस नाही, विजेचा दर नाही. कौन्सिल ऑफ युरोप कुठल्याही देशाला अमुक सालापर्यंत अमुक टक्के उत्सर्जन कमी करा असा कायदा करून सांगू शकत नाही.

तो कायदा करते युनियन. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जन किमान ५५ टक्क्यांनी घटवायचं आणि २०५० पर्यंत शून्यावर आणायचं, हे २०२१ च्या हवामान कायद्यात बांधून घातलंय. कारखान्यांना कार्बनचे परवाने विकत घ्यायला लावणारा बाजारही तिचाच, २००५ पासूनचा. आपल्याकडच्या पोलाद निर्यातदारांना ज्या सीमा-कार्बन नियमाची (आयात मालावर त्याच्या कार्बननुसार आकार लावणाऱ्या) धास्ती आहे, तोही तिचाच. (वीज अणूपासून करायची की वाऱ्यापासून, हे मात्र प्रत्येक देशाने स्वतःच्या हातात राखलंय. ही मेख फार जण विसरतात.) आणि इथे तरुणांना काय मिळतं? ‘युवा संवाद’. अठरा महिन्यांचं एक चक्र, प्रश्नावल्या, देशोदेशी बैठका, परिषदा, शेवटी मंत्र्यांसमोर शिफारशी. त्या मंत्र्यांनी मानल्याच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय ते मंत्री युवा खात्याचे असतात, ऊर्जा खात्याचे नव्हेत! फोटो मात्र झकास येतात.

थोडक्यात, जिथे मान आहे तिथे ऊर्जेवर अधिकार नाही, आणि जिथे अधिकार आहे तिथे नुसता माइक. ‘युरोपातला युवा सहभाग’ अशी एकच मोट बांधली की नेमकं हेच झाकलं जातं.

कोर्टांचंही तसंच. २०१७ च्या भीषण वणव्यांनंतर पोर्तुगालच्या सहा मुला-तरुणांनी २०२० मध्ये स्ट्रासबर्गला धाव घेतली, आपल्या देशासह तीसेक सरकारांविरुद्ध. स्विस आजीबाईंच्या संघटनेने ज्या दिवशी खटला जिंकला, त्याच दिवशी या मुलांचा अर्ज मात्र दाखलच करून घेता येत नाही म्हणून फेटाळला गेला. कारण सरळ होतं: आधी पोर्तुगालच्या कोर्टांत जायला हवं होतं, आणि बाकीच्या देशांची या मुलांबाबत जबाबदारी तिथल्या नियमांत बसत नव्हती. हवामानाबद्दल सरकारची जबाबदारी नाही, असं कोर्ट म्हणालेलं नाही.

युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला. तिथे २०१८ मध्ये काही कुटुंबं आणि स्वीडनमधली सामी (तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी) तरुणांची एक संघटना गेली होती. मागणी अशी की युनियनची उद्दिष्टं अपुरी आहेत, ती वाढवा. २०२१ मध्ये त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. आड आला १९६३ चा एक निकाल, तोही क्लेमेंटाइन नावाची छोटी संत्री आयात करणाऱ्या जर्मन व्यापाऱ्याच्या खटल्यातला. युनियनच्या सर्वसाधारण नियमाविरुद्ध थेट या कोर्टात यायचं, तर त्याची झळ तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी, व्यक्तिशः लागली पाहिजे. हवामान बदलाची झळ सगळ्यांनाच लागते, म्हणून एकालाही दाद मागता येत नाही. हा युक्तिवाद मला आजही संतापजनक वाटतो.

तरुणांच्या हाती ठोस काही लागलं ते या दोन्हींबाहेर, जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात. २०२१ मध्ये त्या कोर्टाने, २०३० नंतरचा सगळा भार पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, असं बजावलं. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलून २०३० चं उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्क्यांवर नेलं.

मला विचाराल तर युनियनमध्ये तरुणांचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे मतपत्रिका, कारण हवामानाचे बहुतेक कायदे संसदेच्या मंजुरीशिवाय होत नाहीत. २०२४ च्या निवडणुकीत ऑस्ट्रिया, माल्टा, जर्मनी आणि बेल्जियममध्ये सोळाव्या वर्षी मत देता आलं, ग्रीसमध्ये सतराव्या. बाकी सगळीकडे वय अठराच होतं. वय खाली आणायचं की नाही, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. ते बदलायचं तर ब्रसेल्सला नव्हे, आपल्याच राजधानीत खेटे घालावे लागतात.