गुडघे आवळू नका

पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्याला आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: गुडघे घट्ट आवळ, म्हणजे पडणार नाहीस. घोडा साध्या चालीत असेल तोवर हे निभावून जातं. तो दुडकी चाल धरतो तेव्हा मात्र याच सल्ल्यामुळे माणूस खोगिरावर थडाथड आपटायला लागतो. असं का होतं, याचं उत्तर बारावीच्या पुस्तकातल्या सरल आवर्त गतीत, म्हणजे स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारख्या ठरावीक लयीच्या वरखाली हालचालीत, आहे.

दुडकीत, म्हणजे शिकवणारे ज्याला ट्रॉट म्हणतात त्या चालीत, घोड्याचे कर्णातले दोन पाय एकदम टेकतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. प्रत्येक जोडी टेकली की पायांतल्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, ताणल्या जातात आणि आखडताना धड वर फेकतात. दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर चारही खूर हवेत असतात. सेकंदाला साधारण २.७ ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला पाठ सगळी मिळून ८ सेंटिमीटर वरखाली होते, असं ढोबळमानाने धरू. म्हणजे आयाम, मधल्या पातळीपासून एका टोकापर्यंतचं अंतर, झाला ४ सेंटिमीटर.

सरल आवर्त गतीत कमाल त्वरण म्हणजे ४ गुणिले π चा वर्ग, गुणिले वारंवारतेचा (सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांचा) वर्ग, गुणिले आयाम. आकडे घातले की उत्तर येतं सुमारे ११.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा थक्क झालो. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने माणूस जितक्या लवकर खाली येईल, तितक्याच लवकर किंवा किंचित आधी खोगीर त्याच्याखालून निघून जातं. स्वार अजून हवेत असतो आणि तो खाली पोचेपर्यंत खोगीर पुढच्या ठोक्यासाठी वर निघालेलं असतं. खालच्या टोकाला हेच त्वरण गुरुत्वाकर्षणात मिळवायचं, मग ६० किलोच्या माणसाचा भार खोगिरावर क्षणभर १३० किलोइतका होतो. घोड्याच्या पाठीलाही तेवढाच दणका बसतो, हे विसरून चालणार नाही.

आता गुडघे आवळल्यावर काय होतं ते पाहा. घोड्याचं अंग वरच्या बाजूला निमुळतं आहे. त्याला दोन्ही बाजूंनी दाबलं की आंब्याची ओली कोय चिमटीतून सटकावी तसा स्वार वर सटकतो. शिवाय आवळलेला स्नायू म्हणजे ताठ स्प्रिंग. स्प्रिंग जितकी ताठ, तितका धक्का जसाच्या तसा पुढे पोचतो, कंबरेत, मणक्यात आणि शेवटी दातांत.

सोपा उपाय म्हणजे दर दुसऱ्या ठोक्याला रिकिबीवर किंचित उठायचं. स्वाराची वारंवारता निम्मी होते. गोलात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना दिसला की उठायचं, मागे येताना टेकायचं. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून पायांची जोडी बदलायची, नाहीतर घोड्याच्या एकाच जोडीवर रोज भार पडत राहतो.

अवघड उपाय म्हणजे न उठता बसणं. इथे ओटीपोट आणि कंबर घोड्याबरोबर खालीवर होतात, डोकं जवळपास स्थिर राहतं. मधला सगळा फरक नितंबाचे सांधे आणि कंबरेचे मणके गिळतात. यालाच पक्की मांड म्हणतात. ‘अंग सैल सोड’ हा सल्लाही अपुराच आहे, कारण पोटाचे आणि पाठीचे स्नायू दर ठोक्याला नेमक्या क्षणी आखडावे लागतात. जोर लावण्याची वेळ चुकली की स्वार आणि घोडा यांच्या हालचालींत कलांतर पडतं, म्हणजे दोघांची लय मागेपुढे होते, आणि आपटणं पुन्हा सुरू होतं.

शर्यतीचा जॉकी हीच गोष्ट टोकाला नेतो. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रेसच्या वेळी जॉकींच्या पाठींकडे बघा. खाली घोडा उसळत असतो आणि वर त्या पाठी जवळपास एका रेषेत सरकतात. वाकून बसण्याची ही पद्धत १९०० च्या सुमारास रूढ झाली आणि त्याच काळात शर्यतीच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. याचं कारण ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मोजून दाखवलं: घोडा जॉकीचं वजन वाहतो, पण दर ढांगेला ते वजन मागेपुढे आणि वरखाली हिसकत बसावं लागत नाही.

स्वाराची हालचाल अशी शांत झाली की घोड्याशी बोलता येतं. अंगावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, मग लाथा आणि हिसके कशाला? पोटरीचा हलका दाब दिला की मागचे पाय जोर करतात. लगाम धरलेली बोटं क्षणभर मिटून लगेच उघडली की तो जोर पुढे पळून न जाता पोटाखाली गोळा होतो. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी, म्हणून सोडणं वेळेवर हवं.

‘घोडा मनातलं ओळखतो’ म्हणतात, त्याचाही उलगडा यातच आहे. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल टिपून खूर आपटणं थांबवत होता. आपल्याकडे घोडेबाजारात अजून अंगावरच्या केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात. त्या भोवऱ्यांवर पैसे ओतण्यापेक्षा घोड्याची पाठ दुखरी नाही ना, तो चारही पायांवर सारखा चालतो ना, हे बघा.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वाराला सुरुवातीचे कित्येक महिने लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात, रिकिबी आणि लगाम यांच्याशिवाय. घोडा गुरुजींच्या ताब्यात, शिकणाऱ्याने फक्त मांड सांभाळायची. आपल्याकडे शिकायला जाल तिथे दोरीवर शिकवतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.