वाढीव टर्बो बूस्ट, जुन्या डिझेल इंजिनांमधील

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, जोरावर फिरून सिलिंडरात दाबाने हवा भरणारे यंत्र. त्याचा दाब, म्हणजे बूस्ट, निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर नेणे किंवा मुळात टर्बो नसलेल्या इंजिनावर तो बाहेरून बसवणे, आणि त्यातून इंजिनाला होणारे अपाय. ‘जुने’ म्हणजे येथे यांत्रिक इंधनपंपावर चालणारे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेले इंजिन. गोव्यात अशी इंजिने खनिजवाहू टिपर, मांडवी व झुआरीवरील बार्ज, ट्रॉलर आणि जुन्या जीप यांत आढळतात.

उगम : सिलिंडरात वातावरणापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याचा, म्हणजे अतिभरणाचा विचार गोटलीप डाइमलर यांनी १८८५ मध्ये आणि रूडॉल्फ डीझेल यांनी १८९६ च्या सुमारास केला होता. त्यामुळे काही संकलक टर्बोचा उगमही तेथपर्यंत मागे नेतात. मात्र त्या प्रयत्नांत हवा दाबण्याचे काम इंजिनाच्याच शक्तीवर व्हायचे. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर टर्बाइन फिरवण्याची कल्पना त्यांत नव्हती. ती स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांच्या १९०५ च्या पेटंटमध्ये दिसते. त्यानुसार केलेले सुरुवातीचे प्रयोग फसले आणि व्यवहारात उतरले ते १९२५ च्या आसपासचे त्यांचे सुधारित काम. ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवरील डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. या घटनेचे वर्ष कोठे १९२५, कोठे १९२६ तर कोठे १९२७ असे दिले जाते. जलावतरण आणि प्रत्यक्ष सेवा यांची वर्षे एकमेकांत मिसळल्याने बहुधा हा फरक पडला असावा. कल्पनेचे श्रेय १९०५ ला आणि यशाचे १९२५ ला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

हा वाद केवळ सनावळीचा नाही. १९२५ च्या सुधारणेत ब्यूशी यांनी एक्झॉस्टच्या नळ्या सिलिंडरांच्या गटांनुसार वेगळ्या केल्या आणि इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे ठेवून ताज्या हवेने सिलिंडर धुऊन काढण्याची सोय केली. टर्बो यशस्वी झाला तो इंजिनाची रचना त्याच्यासाठी बदलल्यावर. जुन्या इंजिनाला नुसता टर्बो जोडला की नेमका हाच भाग वगळला जातो. 

दाब आणि उष्णता : हवा दाबली की तापते. ३५° से. तापमानाची हवा ०.६ बार बूस्टने दाबली आणि कंप्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ९८° ला बाहेर पडते. १.२ बारला हाच आकडा १४६° च्या आसपास जातो. तापलेली हवा विरळ असते. म्हणून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) नसलेल्या इंजिनात १ बार बूस्ट दिला तरी हवा दुप्पट न भरता जेमतेम दीडपट भरते. दाबाचा ताण मात्र पुरता पडतो. १७:१ संपीडन गुणोत्तराच्या (सिलिंडरातील हवा सतराव्या हिश्शाच्या जागेत दाबणाऱ्या), टर्बो नसलेल्या इंजिनात इंधन पेटण्यापूर्वीच सिलिंडरातील दाब साधारण ४५ बारपर्यंत चढतो. १.२ बार बूस्टने तो १०० बारच्या घरात पोहोचतो आणि ज्वलनाचा दाब त्याच्यावर आणखी भर घालतो. कारखान्यातूनच टर्बोसह निघणाऱ्या इंजिनांत त्यासाठी बहुधा संपीडन गुणोत्तर कमी ठेवतात, पिस्टनच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारे जेट बसवतात, बेअरिंग आणि हेडचे बोल्टही अधिक ताकदीचे घेतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण गॅरेजांत आणि गाडीमालकांच्या बोलण्यात तो हमखास पुसला जातो. पेट्रोल इंजिनाप्रमाणे जास्त बूस्टने डिझेल इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणे) होत नाही. इंधन तेवढेच ठेवून हवा वाढवली तर एक्झॉस्टचे तापमान उलट उतरते. पिस्टन वितळवते ते इंधनपंपाचे सील तोडून वाढवलेले इंधन. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला सीलबंद थर) उडवतो तो दाब. प्रत्यक्षात ‘पंप वाढवणे’ (इंधनपंपातून जास्त इंधन सोडणे) आणि वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरची नळी काढून बूस्ट चढवणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी होतात आणि पुढे इंजिन बसले की दोष एकट्या टर्बोवर येतो. दुरुस्तीची दिशा यावरूनच ठरत असल्याने कोणता भाग कशाने गेला हे पाहिलेच पाहिजे.

हेड उतरवल्यावर खुणा वाचता येतात. दाबाने गेलेल्या गॅस्केटवर दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीत काळी जळकी रेघ दिसते. इंधनाने भाजलेल्या पिस्टनच्या माथ्यावरील वाटीची कड खरखरीत, दाणेदार होते आणि पुढे तिला तडे जातात. पिस्टनची ॲल्युमिनियम मिश्रधातू शुद्ध ॲल्युमिनियमच्या ६६०° से. या वितळबिंदूच्याही खालीच मऊ पडू लागते. टर्बाइनच्या तोंडाशी एक्झॉस्ट ७०० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिला तर तो धोका मानतात. हेड उतरवण्याआधीचे लक्षण म्हणजे रेडिएटरचा वरचा होज : थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरतो आहे असे समजावे.

टर्बोवरही ताण येतो. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. क्षमतेबाहेर फिरवला की बूस्टपेक्षा टर्बाइनच्या आधी तुंबणाऱ्या एक्झॉस्टचा दाबच जास्त वाढतो आणि इंजिन स्वतःच्या एक्झॉस्टशी झगडते. ऑइल सील गेले तर इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत सुसाट सुटते. किल्ली फिरवून वा इंधन तोडून ते थांबत नाही, हवेची वाटच बंद करावी लागते. इंजिनाच्या आसपास असणाऱ्यांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका याच अवस्थेत असतो.

गोव्यातील परिस्थिती : डिचोली, सांखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात लोहखनिजाची बारीक लाल धूळ एअर फिल्टर लवकर चोंदवते. चोंदलेल्या फिल्टरमागे तोच बूस्ट गाठायला टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि फाटक्या फिल्टरमधून आत गेलेली धूळ कंप्रेसरची पाती झिजवते. खेपेवर पैसे मिळत असल्याने चढावर ‘पिकअप’ हवा असतो आणि पंप वाढवण्याचा मोह तेथूनच सुरू होतो. टिपर चालवून पोट भरणाऱ्याला त्याबद्दल दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर पुष्कळ ट्रक दीर्घकाळ उभे राहिले. पावसाळे झेललेल्या अशा इंजिनात लायनरला (सिलिंडरच्या आतल्या अस्तराला) गंज आणि पाण्याच्या वाटांत खवले असण्याची शक्यता धरावी. त्यावर जास्त बूस्ट चढवणे अविचाराचे आहे.

अनमोड किंवा चोर्ला घाट चढणाऱ्या ट्रकवरचा पूर्ण भार वळणावळणाला सुटतो. मालीम वा कुटबणच्या ट्रॉलरचे इंजिन मात्र जाळे ओढताना तासन् तास भाराखाली असते. म्हणून एकाच इंजिनाला सततच्या कामासाठी कमी शक्ती नेमून देतात आणि ट्रकवर निभावलेला बूस्ट ट्रॉलरवर निभावत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये साका धरला की धोका वाढतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तो साफ करून घेता येतो.

खबरदारी व कायदा : बूस्टचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा असे दोन्ही गेज बसवल्याशिवाय कोणताही बदल करू नये, एकट्या बूस्ट गेजवरून अर्धेच कळते. चढ चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल जळून कोळसा होते. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांना पीयूसीसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे. पंप वाढवलेली गाडी बहुधा तेथेच अडते.