पिशवीतल्या रक्ताचं म्हातारपण

गोचीड तापाने खंगलेल्या कुत्र्याला रक्त चढवायचंय. दात्या कुत्र्याच्या तांबड्या पेशींची पिशवी कात्रजहून औंधला दुचाकीवरून निघालीय, बर्फाच्या डब्यात. फ्रिजमधून काढलेलं रक्त, म्हणजे जसं भरलं तसंच असणार, हा आपला समज. थंडीने पेशींचं म्हातारपण लांबतं, टळत नाही.

कुत्र्याची तांबडी पेशी अंगात सुमारे 110 दिवस जगते. पिशवीत, 4 अंशांवर, चांगल्या द्रावणात ती 35 ते 42 दिवस वापरता येते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे खराब झालेलं प्रथिन नव्याने बनवता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले कारखाने, तेही नसतात, म्हणून ती साखर ऑक्सिजनविना मोडते आणि लॅक्टिक आम्ल सोडते. दह्यातलं तेच हे आम्ल. अंगात ते यकृत उचलून नेतं. पिशवीत कोण नेणार? आंबटपणा वाढतो, साखर मोडणारी विकरं मंदावतात, पेशीचं इंधन म्हणजे एटीपी आटतं.

दुसरीकडे हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजनपायी बिघडत राहतं आणि त्यातून निघालेले आक्रमक रेणू पेशीच्या आवरणातल्या मेदाला डसतात. कांदा खाल्लेल्या कुत्र्याच्या रक्तात असाच ऑक्सिडीकरणाचा मारा होतो, फक्त काही दिवसांत. (लाडाने कांदेपोहे भरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) मांजराचं हिमोग्लोबिन तर याबाबतीत आणखी नाजूक.

आवरण ढिलं पडलं की पेशीचा आकार बदलतो. दोन्हीकडून दबलेली चकती आधी धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी होते, मग आवरणाचे बारीक फुगे गळत गोल बनते. प्लीहा म्हणजे पोटातली रक्ताची गाळणी; तिच्यातल्या चिंचोळ्या फटींतून चकती दुमडून निसटते. गोळा अडकतो आणि तिथेच संपतो.

अशा थकलेल्या पेशींना धक्का सोसत नाही. बारीक सुईतून जोराने ओढणं, खड्ड्यांतले हिसके, गरम पाण्यात घाईने कोमट करणं, सगळ्यांनी त्या फुटतात. बर्फ थेट पिशवीला टेकला तर गोठणाऱ्या पाण्याचे स्फटिकच त्यांना फाडतात, म्हणून मध्ये कापडाची घडी हवी.

औंधला पोचल्यावर पिशवी न हलवता उभी धरून वरचा फिकट थर पाहायचा. तो लालसर दिसला तर पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलंय. माणसांच्या रक्तासाठी अमेरिकेत अशा फुटलेल्या पेशींची मर्यादा 1 टक्का मानतात.